येऊरच्या उतारावर फुलवाडी : या चुका टाळा

आमची वाडी येऊरला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला. आजोबांनी लावलेला सोनचाफा अजून फुलतो. आसपास कोणी नवी जागा घेतली की पहिल्या पावसाआधी टेम्पोभर रोपं उतरतात आणि दिवाळीच्या सुमारास तोच माणूस विचारायला येतो, "झाडं का मेली हो?" दरवर्षी तेच सांगतो, म्हणून एकदा लिहूनच काढतोय.

सगळ्यात महाग पडलेली चूक वेडेलियाची. पिवळ्या फुलांची ही वेल माती धरून ठेवते, असं नर्सरीत सांगितलं म्हणून आम्ही ती बांधावर लावली. एका पावसात बांध हिरवागार. पुढच्या पावसात ती ओहोळात उतरली. हिच्या पेरापेराला मुळं फुटतात, तुटलेला तुकडा पाण्याबरोबर जाईल तिथे रुजतो. तिसऱ्या वर्षी कुंपणापलीकडे, जिथे रानहळद आणि कळलावी यायची, तिथे दुसरं काही उगवेना. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत ही आहे, घाणेरी आणि रानमोडीच्या पंगतीत. ती काढण्यात आमचे चार पावसाळे गेले. माती मऊ झाली की हाताने, मुळासकट उपटायची आणि पत्र्यावर कडकडीत वाळवायची. खताच्या खड्ड्यात टाकली तर तिथेच फुटते. तणनाशकाने दोन दिवसांत काम होईल, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ओहोळाच्या वरच्या अंगाला तणनाशक मी मारू देणार नाही. त्याच पाण्यात खेकडे आहेत, पाड्यावरची गुरं तेच पाणी पितात. बांधाला वाळा लावा. मुळं खोल जातात आणि तो पसरत सुटत नाही.

दुसरी चूक खड्ड्याची. कडक मुरमात खड्डा खणून त्यात नुसती लाल माती आणि शेणखत भरतात. जुलैत तो खड्डा म्हणजे पाण्याने भरलेलं घमेलं. सोनचाफ्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, आठवड्यात पानं पिवळी पडतात. मग लोक रोप भुकेलंय समजून आणखी खत घालतात! मी खणलेलाच मुरूम निम्मा परत घालतो, कलम वीतभर उंचवट्यावर लावतो आणि उताराच्या बाजूने पाण्याला वाट काढून देतो. कलमाच्या जोडाखालून फुटलेले खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचे, धुमारे दिसतील तेव्हा लगेच काढा.

पालापाचोळा जाळू नका. तो झाडांच्या बुंध्यापासून थोडा दूर पसरा, पहिल्या सरीला माती वाहून जात नाही.

फवारणी, मग ती निंबोळी अर्काची का असेना, मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी करा.

मोगऱ्याची छाटणी जानेवारीत, त्याआधी पाणी तोडून. एप्रिलमध्ये कळ्या नाहीत म्हणून कात्री घेऊन धावणाऱ्यांना काय सांगावं!

रात्रभर दिवे लावू नका. निशाचर पतंग दिव्याभोवतीच घुटमळतात, फुलांकडे येत नाहीत.

जंगलातून आमरी (ऑर्किड) काढून आणू नका. उद्यानातून झाडं काढायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि घरच्या आंब्यावर बांधलेली ती बहुतेकदा मरते.

आणि कुंपणालगतची कारवीची झुडपं "फुलत तर नाही" म्हणून तोडू नका. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. येऊरला 2016 नंतर 2024 ला फुलली, बी धरून वाळली. त्या वाळक्या काटक्यांखाली बोटभर रोपं दिसतील, तिथे विळा घालू नका.