ग्रान पारादीजोवर स्की-टुरिंग आणि छायाचित्रण

इटलीच्या आओस्ता प्रदेशातील ग्रान पारादीजो या ४०६१ मीटर उंच शिखरावर स्कीने चढून छायाचित्रे घ्यायची असतील, तर एप्रिल-मे महिन्यांत दोन दिवस राखून ठेवावेत. पहिल्या दिवशी वाल्सावारांश खोऱ्याच्या टोकाशी असलेल्या पों या ठिकाणाहून (सुमारे १९६० मीटर) व्हित्तोरिओ एमानुएले निवाऱ्यापर्यंत साधारण पावणेआठशे मीटर चढावे. वसंतात कोवळ्या गवतासाठी आयबेक्स, म्हणजे तिथले रानबोकड, खोऱ्यात उतरतात. त्यामुळे जड टेलिफोटो भिंग पोंमध्येच वापरून तिथेच ठेवणे मला योग्य वाटते.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी निघावे. निघण्याआधी हिमप्रपाताचे ताजे पत्रक वाचावे. हिमप्रपात-संकेतक (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारे यंत्र), शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ हवे, आणि हिमनदीसाठी दोर, हार्नेस (दोर अडकवायचा कमरपट्टा), क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे खिळे) व आइस-अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) हेही हवेत. हिमनदीचा अनुभव नसल्यास वाटाड्या घ्यावाच. कॅमेरा पाठीवर नव्हे, छातीवरच्या पिशवीत असावा. दोराने बांधलेले असताना चित्रासाठी थांबायचे झाल्यास आधी सोबत्यांना सांगावे आणि दोर सैल पडू देऊ नये, कारण पायाखालच्या बर्फाआड भेग असू शकते.

चढाईची बाजू पश्चिमेकडची असल्याने सकाळचे कित्येक तास आपण सावलीत असतो, तर समोरची शिखरे उन्हाने उजळलेली असतात. प्रकाशमापक पांढऱ्या बर्फाला मध्यम करडा समजतो आणि चित्र काळवंडते, म्हणून चौकट बर्फाने भरलेली असेल तेव्हा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अधिक प्रकाश द्यावा, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला आदळत नाही ना हे पाहावे आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपातच चित्रण करावे. सावलीतल्या बर्फाची निळाई मात्र पूर्ण पुसू नये. त्या वेळच्या थंडीची खूण तिच्यातच उरते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी.

माथ्याजवळ स्की काढून ठेवाव्या लागतात. मादोनाच्या (माता मेरीच्या) मूर्तीकडे नेणारा शेवटचा खडकाळ टप्पा अरुंद आणि दोन्ही बाजूंनी तुटलेला असल्याने तिथे कॅमेरा बंद करून दोन्ही हात मोकळे ठेवावेत. उतरताना छायाचित्रकाराने आधी खाली जाऊन हिमप्रपाताच्या वाटेबाहेर सुरक्षित जागी उभे राहावे, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि सोबत्यांना एकेक करून खाली बोलवावे. ऊन चढून बर्फ मऊ होऊ लागला, की उरलेली चित्रे सोडून उतरावे. निवाऱ्यात शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा आणि तो आतल्या उबेला येईपर्यंत पिशवी उघडू नये, म्हणजे भिंगावर दव धरत नाही.