सुरिकाटाचे स्वतःचे नियम अपडेटमध्ये पुसले जाऊ नयेत म्हणून

सुरिकाटा म्हणजे नेटवर्कवरची संशयास्पद रहदारी नियमांनुसार ओळखणारी प्रणाली. तिचे तयार नियम 'सुरिकाटा-अपडेट' या साधनाने आणत असाल, तर 'सुरिकाटा डॉट रूल्स' या फाइलला हात लावू नका. ती दर वेळी नव्याने तयार होते. रात्री जागून लिहिलेला नियम सकाळच्या क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) पुसलाच म्हणून समजा.

स्वतःचे नियम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, ते फोल्डर गिटखाली (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) घ्या आणि त्याचा पत्ता 'अपडेट डॉट यामल' या साधनाच्या सेटिंग फाइलमध्ये 'लोकल' या नोंदीखाली द्या. पुढच्या वेळी ते बाकीच्या नियमांत आपोआप मिसळले जातील. नको असलेले तयार नियमही हाताने खोडायचे नाहीत. त्यांचे एसआयडी, म्हणजे नियमांचे ओळख क्रमांक, 'डिसेबल डॉट कॉन्फ'मध्ये लिहिले की झाले.

एसआयडीच्या बाबतीत मात्र शिस्त हवीच. स्थानिक नियमांसाठी 1000000 ते 1999999 हा पट्टा राखीव आहे. 2000000 पासून पुढे इमर्जिंग थ्रेट्स या तयार नियमसंचाचे नियम सुरू होतात. नियम बदलला की 'रेव्ह'चा, म्हणजे आवृत्तीचा, आकडा एकाने वाढवा. हे हमखास विसरतं. एकच एसआयडी दोनदा वापरला जाऊ नये म्हणून गिटच्या प्री-कमिट हुकमध्ये (बदल नोंदवण्याआधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) दुहेरी एसआयडी शोधणारी छोटी स्क्रिप्ट टाकून द्या.

त्याच यामल फाइलमधल्या 'रीलोड-कमांड'मध्ये नियम पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा दिली, तर सेवा बंद न करता नवे नियम लागू करता येतात. साधन त्याआधी नियमांची चाचणीही घेतं. क्रॉनमध्ये वेळ वाचवायला ती चाचणी बंद करणारे लोक आहेत. नियमातला एक सुटलेला अर्धविराम पुरतो त्यांना अडचणीत आणायला. नवा नियम आधी काही दिवस 'अलर्ट'वरच (फक्त इशारा) चालवा, 'ड्रॉप' (रहदारी अडवणं) नंतर.