शाळेत लैंगिकता शिक्षण हवंय? आधी मंगळवारचा तास मागा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांत हा विषय काढला की बहुतेक अर्ज पहिल्याच टेबलावर अडतात. अर्जात लिहिलेलं असतं, ‘मुलांना लैंगिक शिक्षण द्यावे.’ मुख्याध्यापक म्हणतात, वरून आदेश नाही, आणि विषय तिथंच संपतो. म्हणून नवीन काही मागू नका. जे कागदावर आधीच आहे, ते करा असं म्हणा.

कागदावर काय आहे ते पाठ करून ठेवा. आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम 2020 मध्ये सुरू झाला. तो सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे, इयत्ता सहावी ते बारावी. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक सर आणि एक बाई, प्रशिक्षण घेऊन आठवड्याला एक तास घेतील असं त्यात ठरलंय. त्यासाठी मंगळवार सुचवलाय. विषय 11 आहेत. वयात येणं, नातेसंबंध, स्त्री-पुरुष समानता, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळं त्यात येतं. शिवाय पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या 2020 च्या नियमांत मुलांना वयानुरूप सुरक्षितता शिकवण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारवर टाकली आहे. सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही सर्वंकष लैंगिकता शिक्षणाचा विचार करा, असं केंद्राला सुचवलंय. 2007 मध्ये कर्नाटकानं, आणि महाराष्ट्रानंही, किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम नाकारला होता. जुन्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात अजून तेच असतं, म्हणून वर्षांसकट बोला.

पहिलं काम चौकशीचं. शाळेत जाऊन तीनच प्रश्न विचारा: ते दोन शिक्षक कोण, त्यांचं प्रशिक्षण झालं का, तास वेळापत्रकात कुठं आहे? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पोषण आहार, शौचालय आणि हा तास असं सगळं एकाच अर्जात भरलंत की तो परत येतो.

मग लेखी मागणी. राज्यघटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो. तरी सोबत कन्नड भाषांतर जोडाच, कारण फाईल पुढं कन्नडमधूनच सरकते. मजकूर असा ठेवा:

‘आमच्या शाळेत सहावी ते आठवीसाठी शालेय आरोग्य कार्यक्रमाचा तास दर मंगळवारी वेळापत्रकात घ्यावा. मुलगे आणि मुली दोघांनाही तो मिळावा. नेमलेल्या दोन शिक्षकांची नावे व प्रशिक्षणाची तारीख सूचना फलकावर लावावी. वर्षाचा विषयक्रम पालकांना दाखवावा.’

मूळ अर्ज मुख्याध्यापकांना, एक प्रत बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना), एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. प्रत्येक ठिकाणी शिक्का-सहीसह पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरा. एक सावधगिरी: सीमेपलीकडची पुस्तकं आणून ‘हीच लावा’ म्हणू नका. त्या क्षणी विषय सीमाप्रश्नाकडं वळतो आणि मुलांचा तास बाजूला पडतो. आधी तास सुरू होऊ द्या, मग साहित्य मराठीतून द्या ही वेगळी मागणी करा. ती रास्तच आहे. आपल्या शरीराबद्दलचे शब्द मुलांना आपल्या भाषेत मिळायलाच हवेत.

खरी लढाई मात्र एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीत असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर असतात, बैठकीत मागं बसतात आणि बोलत नाहीत. म्हणून बैठकीआधी चार-पाच आयांना घरी भेटा. शेताला, विडीच्या कामाला जाणाऱ्या बाया दिवसा सापडत नाहीत, संध्याकाळी जा. मोठ्या मुलींच्या आया आधी गाठा. पाळी आल्यावर पोरीला कुणीच काही सांगितलं नव्हतं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवानं माहीत असतं.

बैठकीत हमखास कुणीतरी विचारतं, “बाई, यानं पोरं बिघडणार नाहीत का?” चिडू नका, प्रश्न मनापासूनचा असतो. उत्तर द्या, “काका, युनेस्कोनं अनेक देशांतले अभ्यास तपासलेत. या शिक्षणानं मुलं लवकर त्या वाटेला लागतात असं दिसलं नाही. आणि मोबाईल तर त्यांच्या हातात आहेच.” लगेच पुढच्या महिन्याचा प्रत्यक्ष धडा हातात द्या. भीती न बघितलेल्या गोष्टीची असते. पान समोर आलं की चर्चा पानावर येते. नाव मात्र लपवू नका. ‘आरोग्य शिबिर’ म्हणून ठराव करून घेतलात आणि पालकांना नंतर कळलं, तर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

बालविवाहाचा मुद्दा इथं जरूर मांडा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात 20 ते 24 वयाच्या सुमारे 21 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बालविवाह कायद्यात राज्यानं केलेल्या दुरुस्तीनुसार असं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. ते पोरींना कुणीतरी सांगायला हवं. ठराव झाला की त्याच बैठकीत ठराव बुकात लिहून सह्या घ्या, ‘नंतर लिहू’ला मान्यता देऊ नका. अनुदानित हायस्कुलात समितीचा ठराव फक्त सल्ला ठरतो; तिथं संस्थाचालकांना वेगळं भेटावं लागतं.

तास सुरू झाला की बिघाड ठरलेले असतात. मुलींना वर्गात बसवून मुलग्यांना मैदानावर सोडतात. वर्षातून एकदा डॉक्टरांचं व्याख्यान होतं आणि वर्षाचा विषय आटोपला असं मानतात. नॅपकिनवाली कंपनी येते, पाळीवर बोलते, पाकिटं वाटून जाते. हे तिन्ही वेळच्या वेळी थांबवा.

प्रश्नपेटी लावायला सांगा, पण नीट. पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवली तर रिकामीच राहते. त्यापेक्षा तासाच्या शेवटी सगळ्यांना एकाच मापाच्या चिठ्ठ्या द्या. प्रत्येकानं काहीतरी लिहायचं, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’. मग कोण लिहितंय हे कुणाला दिसत नाही. शिक्षकांनी चिठ्ठ्या घरी वाचाव्यात, सारखे प्रश्न एकत्र करावेत आणि पुढच्या मंगळवारी उत्तरं द्यावीत. अक्षर ओळखू येतं, म्हणून चिठ्ठी वर्गात कुणाला दाखवू नये. उत्तर येत नसेल तर ‘विचारून सांगते’ म्हणावं आणि खरंच सांगावं.

एखादं मूल अत्याचाराबद्दल बोलेल. त्याची तयारी पहिल्या तासाआधी हवी. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन शिक्षकांनी कधीच देऊ नये, कारण पोक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. गावात समजावून मिटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. 1098 हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावा.

आणि मुलांनाच बोलू द्या. ग्रामपंचायतीत वर्षातून एकदा मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा भरते, साधारण नोव्हेंबरपासून पुढं. पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) तारीख आधी काढा. सातवी-आठवीतल्या दोघा-तिघांना त्यांची मागणी त्यांच्या शब्दांत लिहू द्या, आपण पाठ करून घेऊ नका. मुलींच्या शौचालयाला कडी नाही, पाळीच्या दिवसांत शाळा बुडते, वाटेत पोरं अडवतात अशा गोष्टी तीच मुलं मांडतील. सभेचं इतिवृत्त मागून घ्या, आणि तीन महिन्यांनी काय काम झालं ते पंचायतीला लेखी विचारा.