टीव्हीला पीसी जोडताय? निदान या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली की मला फोन सुरू होतात. टीव्हीखाली ठेवायला छोटा पीसी करायचाय, सिनेमे बघायचे, टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ? पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचाच. ट्यूनरचं, म्हणजे टीव्हीचा सिग्नल पीसीत आणणाऱ्या डबीचं, नाव कुणी काढत नाही.

म्हणून आधी ट्यूनर. गोव्यात प्रत्येकाचं कुणी ना कुणी बाहेर असतं, आणि सुट्टीवर येताना तो हौसेने यूएसबी ट्यूनर घेऊन येतो. अमेरिकेतला असेल तर तो एटीएससीचा, म्हणजे तिकडच्या डिजिटल प्रक्षेपणाचा. ते प्रक्षेपण आपल्याकडे नाहीच. घरच्या केबलचे आणि डीटीएचचे पैशाचे चॅनेल एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यामुळे ट्यूनर बसवून ते दिसत नाहीत. तुम्हाला तेच हवे असतील तर रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स घ्या आणि मोकळे व्हा. पीसीवर सरळपणे रेकॉर्ड होतात ते डीडी फ्री डिशवरचे फुकटचे चॅनेल. त्यासाठी डीव्हीबी-एस२, म्हणजे डिशच्या सिग्नलचा, ट्यूनर लागतो. बस, एवढंच विचारा दुकानात.

डिशचं म्हणाल तर फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. गोव्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंशांवर येतो. त्या दिशेला माड असेल तर मे महिन्यात छान दिसणारं चित्र जुलैत, झावळ्या भिजून जड झाल्या की, चौकोनी तुकड्यांत फुटतं. मग लोक ट्यूनरला शिव्या देतात. सिग्नलचा आकडा बघू नका, क्वालिटीचा बघा. क्वालिटी रोज थोडी थोडी उतरत असेल तर छपरावर चढा आणि एलएनबीचा, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचा, एफ कनेक्टर (वायरचं फिरकीचं टोक) उघडा. आतली तांब्याची तार हिरवी पडलेली दिसेल. आपल्या खाऱ्या हवेत दुसरं काय होणार? मी दर पावसाआधी टोक कापून नवा कनेक्टर लावतो, वर रबरी टेप गुंडाळतो आणि वायर आत येते तिथे खाली एक झोळ सोडतो, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, घरात येत नाही. धोधो पावसात चित्र जाणारच. तो केयू बँडचा, म्हणजे डिशवर येणाऱ्या या लहरींचा, स्वभाव आहे, त्यावर सेटिंग नाही.

आता माझी खरी डोकेदुखी. एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स, अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम.

फोंड्याला आत्याकडे मी स्वतः पीसी बसवून दिला होता. लिनक्स, रेकॉर्डिंगला टीव्हीहेडएंड, बघायला कोडी. आत्याच्या नातवाच्या मेळाचं भजन दूरदर्शनवर रात्री साडेआठला लागणार होतं. आठ दिवस आधी रेकॉर्डिंग लावून ठेवलं, दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं जास्तीची दिली. मधल्या काळात धाकट्या नातवाने, मला न विचारता, गेम खेळायला त्याच डिस्कवर विंडोज घातलं. त्या दिवशी सकाळी झाड पडून इंटरनेट तुटलेलं. दुपारभर पोरगा खेळला, संध्याकाळी बंद केलं आणि साडेसहाला शहाण्यासारखं लिनक्स चालू करून ठेवलं. आत्या सालीत, म्हणजे आमच्या दिवाणखान्यात, दिवा लावायला आली तर टीव्हीवरचं घड्याळ म्हणतंय रात्रीचे बारा. "बारा वाजल्यात मरे हांगा!" म्हणून ती हसली आणि सगळी मंडळी वाड्यावर आरत्यांना निघून गेली. भजन कुणीच बघितलं नाही. पीसी आहे ना!

मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, बटणासारख्या सेलवर चालणारं. विंडोज त्यात आपली स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स मात्र ती ग्रिनिचची वेळ समजतं आणि तिच्यात आपले साडेपाच तास मिळवतं. एरवी इंटरनेट असलं की लिनक्स काही सेकंदांत स्वतःला सुधारून घेतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी नेट नव्हतं. साडेसहाचे बारा झाले, साडेआठ केव्हाच होऊन गेले असं मशीनने ठरवलं आणि भजन अयशस्वी रेकॉर्डिंगच्या यादीत, पुढे कारण: "टाइम मिस्ड". दुसऱ्या दिवशी आत्या काही बोलली नाही. चहाबरोबर नेवऱ्या मात्र पुढे आल्या नाहीत.

याला पद्धतशीर उपाय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घातली की तेही ग्रिनिचची वेळ पाळतं. मी तो करत नाही. मी विंडोज उडवतो. दोन सिस्टिम ठेवल्या की आणखी एक भानगड होते: विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर डिस्कवरचा विंडोजचा भाग पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेला राहतो आणि लिनक्स त्याच्यावर लिहायला तयार होत नाही. रेकॉर्डिंग त्या भागात जात असेल तर सुरू झाल्यासारखं वाटतं, फाइल सापडत नाही. फ्रिजमध्ये आपण कपडे ठेवतो का? मग रेकॉर्डिंगच्या पीसीवर गेम कशाला? आणि घड्याळ तपासायचं ते मुद्दाम नेट काढून. नेट चालू असताना तपासणं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देणं.

दुसरी एक चूक इतकी सर्रास दिसते की आता सांगायचाही कंटाळा येतो. बातम्यांखालची धावती पट्टी हिसके मारते. लोक प्रोसेसर बदलतात, रॅम वाढवतात. अहो, आपलं साधं प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचं, ५० अर्ध्या चित्रांचं, आणि तुमचा पीसी टीव्हीला ६० हर्ट्झने चित्र देतोय. हिसके बसणारच. कोडीत रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याचं सेटिंग आहे, ते चालू करा. हलणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसले तर डीइंटरलेसिंग, म्हणजे ती अर्धी चित्रं नीट जुळवणं, बंद आहे. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. कदाचित म्हणूनच कुणी करत नाही.

चित्राच्या कडा कापल्या जातात? टीव्हीच्या मेन्यूत ओव्हरस्कॅन बंद करा.

ऑफिसातून निघालेला सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा पीसी स्वस्तात मिळतो, पण १०-बिट एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटच्या फोर-के फाइलला तो धापा टाकतो. सातव्या पिढीपासून पुढे चालेल. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी तर त्याहून नवा एव्ही१ फॉरमॅटसुद्धा उलगडतो, आणि ग्राफिक्स कार्डाचा विषयच संपतो.

डिस्कचा हिशेब सोपा आहे: १ एमबीपीएसला (सेकंदाला एक मेगाबिट) तासाला ४५० एमबी. चार एमबीपीएसचा चॅनेल तासाला १.८ जीबी खातो. १२० जीबीच्या एसएसडीवर सीरियल जमवायला बसू नका.

वायफायवर विसंबू नका. चिऱ्याच्या जाड भिंतीपुढे राउटर काय करणार? लॅनची वायर ओढा.

शोकेसच्या बंद कप्प्यात पीसी ठेवू नका. उबेला पाल येते. पंख्यात गेलेली पाल काढायला मला बोलावू नका.

आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडायला लागला की नुसता स्विच बंद करून भागत नाही, डिशकडून येणारी वायर ट्यूनरमधून काढून ठेवायची. माझ्या खणात तीन जळके ट्यूनर आहेत. दोन लोकांचे, एक माझा.