मजबुतीकरणाआधी इमारतीचं डॅम्पिंग मोजून घ्या

भूकंपासाठी जुनी इमारत मजबूत करायची ठरली की चर्चा लगेच स्टील आणि काँक्रीटवर जाते. त्याआधी आहे त्या अवस्थेत तिचं कंपन मोजून घ्या. गच्चीवर आणि मधल्या मजल्यांवर अ‍ॅक्सेलरोमीटर (हादरे मोजणारी उपकरणं) ठेवले की वारा आणि रहदारीच्या बारीक हादऱ्यांवरूनही आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, आणि डॅम्पिंग, म्हणजे हलणारी इमारत ऊर्जा जिरवून किती लवकर शांत होते ते, कळतं. डॅम्पिंग टक्क्यांत सांगतात; १०० टक्के म्हणजे झोका न घेता थेट जागेवर येणं. आकडा १-२ टक्के आला तर दचकू नका. डिझाइनमध्ये काँक्रीटला धरतात ते ५ टक्के मोठ्या हादऱ्याचे, भेगा घासू लागल्यावरचे. ५ टक्क्यांना झोका दर फेरीत पावभराहून थोडा जास्त घटतो, २ टक्क्यांना जेमतेम आठवा हिस्सा.

उपाय निवडायचा तो हे आकडे समोर ठेवून. शिअर वॉल (काँक्रीटची ताठ भिंत) किंवा ब्रेसिंगने (तिरप्या आधारांनी) ताठपणा दुप्पट झाला, पण वजन आणि ऊर्जा जिरवण्याची सोय तेवढीच राहिली, तर १ सेकंदाचा आवर्तकाल ०.७ वर येतो आणि ५ टक्के डॅम्पिंग साडेतीनवर. इमारत कमी झुकते, पण तिच्यावर येणारं बल वाढू शकतं. म्हणून जमिनीचा अहवाल हवाच. १९८५ साली मेक्सिको सिटीत जुन्या तलावाच्या गाळाने साधारण २ सेकंदांचं कंपन वाढवलं आणि साधारण त्याच लयीत डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला. आतल्या विटांच्या भिंती काढणार असाल तर तेही इंजिनिअरला आधी सांगा, त्यांच्या घर्षणाचाही डॅम्पिंगमध्ये वाटा असतो. खांबांना फायबर (चिवट तंतूंचं कापड) गुंडाळल्याने ताठपणा फारसा बदलत नाही. खांब न तुटता जास्त वाकू शकतो.

डॅम्पर, म्हणजे हादऱ्याची ऊर्जा जिरवणारं उपकरण, बसवणार असाल तर प्रकार नीट विचारून घ्या. तेलाचा डॅम्पर वेगाला विरोध करतो, म्हणून लहान हादऱ्यातही काम करतो. घर्षणाचा डॅम्पर ठरावीक जोर आल्याशिवाय सरकतच नाही, तोवर तो नुसता ब्रेस असतो. धातूचा डॅम्पर वाकून ऊर्जा जिरवतो, त्यामुळे मोठ्या भूकंपानंतर तो बदलायची वाट आधीच ठेवावी लागते. एकूण डॅम्पिंग २० टक्क्यांवर गेलं तर हादऱ्याचा परिणाम ढोबळमानाने एक तृतीयांशाने घटतो. मात्र जोडणीवर माझा फार कटाक्ष आहे. पिन किंवा बोल्टच्या भोकात दोन मिलिमीटर ढिलाई राहिली, तर तेवढ्या हालचालीत महागडा डॅम्परही स्वस्थ बसतो. प्रत्येक जोड हाताने हलवून पाहा, सीलपाशी तेल पाझरतंय का तेही बघा.

काम संपल्यावर त्याच जागी, तीच उपकरणं ठेवून पुन्हा मोजणी करा. ही अट कंत्राटातच घाला आणि शेवटचा हप्ता तो अहवाल हाती आल्यावरच द्या.