साठवणीतल्या लिथियम सेलची क्षमता कशी टिकवली

टॉर्चसाठी पूर्ण चार्ज करून राखून ठेवलेले माझे जादा १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब असे दंडगोल लिथियम सेल) फारसे न वापरताही लवकर उतरू लागले, तेव्हा मी चार्जर बदलण्याऐवजी साठवणीची पद्धत बदलली.

पूर्ण भरलेल्या सेलचे व्होल्टेज साधारण ४.२ व्होल्ट असते, या पातळीवर कॅथोडजवळ (धन बाजूला) इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे सेलमधल्या द्रवाचे, विघटन वाढते, ग्रॅफाइटच्या ॲनोडवर (ऋण बाजूवर) जमलेला थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा वीज साठवण्याच्या कामी येत नाही. उष्णतेने ही झीज आणखी वेगाने होते, म्हणून भरलेला सेल उकाड्यात ठेवणे सर्वांत वाईट. सेल अगदी रिकामा ठेवणेही घातक आहे, कारण आपोआप होणाऱ्या गळतीने व्होल्टेज फार खाली गेले तर ॲनोडमागची तांब्याची पत्री विरघळू लागते आणि पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका निर्माण होतो.

आता मी मल्टिमीटरचे टोक लावून प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ व्होल्टच्या दरम्यान, म्हणजे जवळपास अर्धा भरलेला असताना, प्लॅस्टिकच्या डबीत सुटा ठेवतो. टॉर्चमध्ये ठेवत नाही, कारण काही टॉर्चचे सर्किट बंद असतानाही किंचित वीज खाते. डबी कोरड्या, थंड जागी असते. काही महिन्यांनी मोजणी करून ३.६ च्या खाली आलेला सेल थोडा भरतो. फुगलेला किंवा आवरण फाटलेला सेल मात्र मी साठवत नाही. तो ई-कचऱ्यात देतो.