जुन्या टॉकीजचा इतिहास लिहायचाय? आधी केबिनची किल्ली मागा

मी एका टॉकीजच्या केबिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टर मशीनच्या खोलीत, ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या जाळून झोत पाडणाऱ्या मशीनवर शिकलो, नंतरच्या झेनॉन दिव्याच्या मशीनवर नोकरी केली आणि डिजिटल आलं तेव्हा घरी बसलो. बंद पडलेल्या टॉकीजचा इतिहास लिहायला निघालेली मंडळी माझ्याकडे येतात, ती बहुतेक दर्शनी भिंतीवरचं साल टिपूनच येतात. ते साल सध्या बाजूला ठेवा. त्यावर मी स्वतः फसलोय. आमच्या एका समारंभाच्या पुस्तिकेत मी दर्शनी कमानीवरचा आकडा ‘स्थापना’ म्हणून छापायला दिला. पुस्तिका वाटून झाल्यावर बुकिंगच्या खिडकीत आयुष्य काढलेले एक आजोबा म्हणाले, “अरे, ती कमान नंतर बांधली. मी त्याच्या आधीपासून तिकिटं विकतोय!”

तेव्हापासून माझा नियम एकच: सुरुवात केबिनपासून. दर्शनी बाजू रंगवून नवी करतात, केबिनकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही, त्यामुळे तिथलं सगळं जागच्या जागी राहतं.

आत गेलात की प्रेक्षागृहाकडच्या भिंतीतली भोकं मोजा. एका मशीनला दोन लागतात: एकातून झोत जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. चार भोकं म्हणजे दोन मशीनं, आणि दोन मशीनं म्हणजे चेंजओव्हर, एक रीळ संपताना चित्र दुसऱ्या मशीनवर देणं. 35 मिमीचं 2,000 फुटांचं रीळ सेकंदाला 24 फ्रेम या वेगानं जेमतेम 22 मिनिटं चालतं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र तिकडे द्यायचं. हे काम चांगलं झालं की कुणाला कळत नाही आणि चुकलं की अख्खं थिएटर शिट्ट्या मारतं.

भोकांवर लोखंडी झडपा असतील. त्या बहुधा साखळीनं वर धरलेल्या असतात, आणि साखळीत लवकर वितळणाऱ्या धातूचा एक दुवा असतो. आग लागली की दुवा वितळतो, झडपा खाली पडतात आणि ज्वाळा प्रेक्षकांकडे जात नाहीत. कारण नायट्रेट फिल्म. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते, पाण्याखालीही विझत नाही. 1950च्या सुमारास सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मनं तिची जागा घेतली. पण झडपा नंतरही बसवत असत, त्यामुळे झडप दिसली म्हणून घाईनं नायट्रेटचा काळ लिहून टाकू नका.

मशीनच्या लॅम्पहाऊसमध्ये, म्हणजे दिव्याच्या पेटीत, टॉर्च मारा. तळाला तांब्याचे थेंब चिकटलेले दिसले तर तिथं कार्बन जळलाय. कांड्यांवर तांब्याचा मुलामा असायचा, तो वितळून खाली गळायचा. मशीनच्या पट्टीवरचा क्रमांक जरूर उतरवा, पण मशीन सेकंडहँड आलेलं असू शकतं. मग ते टॉकीजपेक्षा म्हातारं निघतं.

कोपऱ्यात फिल्मचे तुकडे पडलेले असतात, तो खरा खजिना. कडेला ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असा इंग्रजी शब्द शोधा. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणाही असतात, त्यावरून कच्ची फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. इथे दोन खड्डे आहेत. एक, त्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येत. दोन, निगेटिव्हच्या कडेची अक्षरं प्रिंटवरही उतरतात. म्हणजे एकाच तुकड्यावर दोन वेगळी सालं भेटू शकतात! तुकड्याला व्हिनेगरसारखा वास आला तर ती सेफ्टी फिल्म, कुजायला लागलेली. नायट्रेटचा संशय आला तर खिशात घालून घरी नेऊ नका, माहीतगार माणसाला बोलवा.

मग खाली उतरा आणि पडद्यामागे जा. पडद्याला बारीक भोकं असतात, कारण स्पीकर मागे असतो. 1953 साली सिनेमास्कोप हे रुंद चित्राचं तंत्र आलं आणि जगभर पडदे रुंद झाले. अरुंद रंगमंचाच्या टॉकीजमध्ये काही ठिकाणी नवा पडदा थेट रंगमंचाच्या कमानीच्या पुढे टांगला, जुनी कमान मागे अंधारात राहिली. पुढच्या खुर्च्यांच्या दोन-तीन रांगा गायब दिसल्या तर कारण हेच असू शकतं. पडद्यासमोर बुजवलेला खड्डा लागला तर वादकांची जागा होती का, ते तपासा. मूकपटाला साथ द्यायला वादक बसत.

माणसांना भेटाल तेव्हा “टॉकीज कधी सुरू झालं?” असं विचारू नका. माणूस आकडा देतो आणि तो हमखास चुकतो. “तुम्ही लागलात तेव्हा मशीन कुठलं होतं? तुम्हाला शिकवलं कुणी?” असं विचारा. “अमुक सिनेमा लागला होता तेव्हा” असं उत्तर आलं तर त्या सिनेमाचं साल ही फक्त सर्वांत आधीची मर्यादा. त्याच्या आधीची ती गोष्ट नाही, एवढंच ठरतं. छोट्या टॉकीजना प्रिंट उशिरा मिळायची, आणि गाजलेले सिनेमे तर पुन्हा पुन्हा लागायचे. डोअरकीपर, पोस्टर चिकटवणारा, झाडलोट करणाऱ्या बाई यांना मालकाच्या आधी भेटा. मालक नफ्यातोट्याच्या गोष्टी सांगतात, झाडणाऱ्या बाईंना कोणत्या सिनेमाला रडून रुमाल राहिले ते ठाऊक असतं.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण साल तिथंच पक्कं होतं: बांधकामाचे मंजूर नकाशे, परवाने, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. जाहिरात सापडली की तिथं थांबू नका, आणखी मागे जात राहा. टॉकीजचं नाव बदललेलं असलं तर आधीच्या नावानं पुन्हा पहिल्यापासून शोधा. माझी चूक अशीच सुधारली. जुन्या नावाची जाहिरात सापडली, कमानीच्या बऱ्याच आधीची. ती घेऊन आजोबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, जाहिरातीतल्या खेळाच्या वेळा वाचल्या आणि म्हणाले, “रात्रीचा खेळ चुकीचा छापलाय.”